हिवाळ्याचा हात

माझ्या धाकट्या जावेला रंग ओळखायचा डोळा आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते. नाहीतर पुढे कुणीतरी म्हणेल, ही बाई कोत्या मनाची आहे. मी आहेच कोत्या मनाची, पण ते मी माझ्या तोंडाने सांगेन, लोकांनी सांगायची गरज नाही.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि एकाच ठिकाणी कामाला जातो. आमच्या कारखान्यात माणसांचे हात बनतात. ज्यांचा हात अपघातात किंवा आजारात गेला, त्यांच्यासाठी. आतला सांगाडा खालच्या मजल्यावर तयार होतो आणि वरची सिलिकॉनची कातडी आमच्या रंगखोलीत. त्या कातडीला आम्ही खोळ म्हणतो. माणसाचा उरलेला हात टेबलावर ठेवून घ्यायचा आणि खोळीला अगदी तोच रंग आणायचा. नुसता रंग नाही, शिरांचा निळेपणा, नखाखालची लाली, पेरांवरच्या गडद सुरकुत्या, सगळं. हात झाला की रंगखोलीतल्या दुसऱ्या कुणीतरी तो पाहून पास करायचा, असा नियम आहे.

धाकटी तिथे आली तेव्हा मला एकोणीस वर्षं झाली होती. कातडीच्या रंगांच्या बेचाळीस चकत्या मी स्वतः बनवल्या, एकेक रंग घोटून, आणि तारेत ओवून ठेवल्या. माणूस आला की चकत्यांचा जुडगा त्याच्या हाताशी धरायचा, जुळेल ती चकती काढायची, तिच्या आकड्याप्रमाणे रंग कालवायचा. एकोणीस वर्षांत माझा एकही हात परत आला नव्हता.

मग दिराची नोकरी गेली आणि घरात चणचण सुरू झाली, तेव्हा मीच साहेबांकडे शब्द टाकला. म्हटलं, माझी धाकटी जाऊ आहे, ब्रश धुवायला घ्या. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर तो असा हौसेने, साहेबांचे आभार मानून.

पहिले दोन आठवडे ती खरंच ब्रश धूत होती. तिसऱ्या आठवड्यात एक शाळामास्तरीण आल्या. उजवा हात मनगटापासून नव्हता. मी चकती धरली, सतरा नंबर, चपखल. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, सतरा नको."

ती मला जाऊबाई म्हणत नाही, ताई म्हणते. तेही मला खुपायचं. सख्खेपणा मागून घेणाऱ्या बायकांचं मला कधी पटलेलं नाही.

"का नको?" मी वळून विचारलं.

"यांची सुट्टी संपून आठवडाच झालाय. मनगट बघा ना. घड्याळाखालचं कातडं केवढं उजळ आहे. आता या वर्गात बसणार. महिन्याभरात सगळ्या हाताचा रंग उतरेल. पंधरा घेतलात तर आत्ता जरा फिकं वाटेल, पण मग वर्षभर बसेल."

बाई हसून म्हणाल्या, "अगदी खरं, सुट्टीभर मी बागेतच होते." आमचे मास्तर, म्हणजे रंगखोलीचे प्रमुख, उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीपाशी बसतात. तिथला उजेड दिवसभर सारखा असतो, म्हणून ती जागा प्रमुखाची. ते चष्मा कपाळावर चढवून उठूनच आले. एकोणीस वर्षांत माझ्यासाठी ते कधी उठल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी मास्तरांनी धाकटीला सगळं समजावून सांगितलं. कातडीच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. ऊन लागलं की त्या जास्त रंग बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. प्रत्येक पेशी तो रंग आपल्या गाभ्यावर टोपीसारखा ओढून घेते, कारण ऊन त्या गाभ्याचीच मोडतोड करतं. म्हणजे हात काळवंडतो ते दुखणं नव्हे, कातडी आपलं डोकं झाकते आहे. ऊन थांबलं की रंग कमी बनतो. वरचा थर रोज थोडा थोडा झडतो, खालून नवा येतो, आणि महिना-दोन महिन्यांत उन्हाळा अंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जातो. हिवाळ्यात ऊन तिरपं पडतं, दुबळं असतं, वर आपल्या बाह्या लांब. म्हणून माणसं हिवाळ्यात उजळतात. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन फारसं पोचत नाही, तिथे माणसाचा मूळ रंग सापडतो.

हे सगळं मलाही ठाऊक होतं. हेच मास्तर, हेच शब्द, एकोणीस वर्षांपूर्वी. फरक एवढाच की मला ते पाठ होतं आणि तिला ते दिसत होतं. हे मला त्याच दिवशी कळलं आणि त्या दिवसापासून पोटात दुखायला लागलं.

घरी तर कहरच. सासूबाईंच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे उजळ पट्टे बघून म्हणायची, "आई, उन्हात अनवाणी फिरत नाही म्हणता ते खरं, पण फिरता मात्र भरपूर." सासूबाई खूश. एकदा जेवताना माझ्या नवऱ्याकडे बघत म्हणाली, "भाऊजी, हल्ली ऑफिसला चालत जाता का हो? तुमचा डावा गाल उजव्यापेक्षा रापलाय. सकाळचं ऊन एकाच बाजूने लागतं ना त्या रस्त्याला."

नवरा घास हातात धरून बघतच राहिला. खरंच तो दोन महिने चालत जात होता, पोट कमी करायला. आणि मला सांगत होता, बसने जातो. मला सांगितलं असतं तर मी हसले असते म्हणे! बावीस वर्षांच्या संसारात त्या गालाला मी किती वेळा पाहिलं असेल, आणि माझ्या नवऱ्याच्या गालाची बातमी मला जावेकडून कळावी? "काय डोळा आहे हिचा," असं तो आठवडाभर म्हणत होता. मी त्या आठवड्यात त्याच्या एकाही शर्टाला इस्त्री केली नाही.

जावा जावा आणि उभा दावा म्हणतात, पण दाव्याला दोन बाजू लागतात. धाकटी भांडायचीच नाही. मी टोमणा मारला की ती खाली मान घालून हसायची, आणि माझाच टोमणा मला कडू लागायचा. वर्षभरात तिला स्वतःचं टेबल मिळालं. दोन वर्षांत लोक येऊन विचारायला लागले, "त्या उन्हाचं विचारतात त्या बाई कुठे बसतात?" ती चकत्यांना हातही लावत नसे. आधी गप्पा मारायची. काम काय, उन्हात किती वेळ, घरून निघता कधी, बाही वर करता का, पोहता का. मग रंग कालवायला घ्यायची. तिचाही एकही हात परत आला नव्हता.

मग मास्तरांनी निवृत्तीचं सांगितलं. हिवाळा संपला की जाणार. साहेबांनी आम्हाला दोघींना बोलावलं आणि म्हणाले, "खिडकीची जागा तुमच्यापैकी एकीला. वशिला नाही, वय नाही. आतापासून मास्तर जाईपर्यंत कुणाचे हात परत येतात ते मी बघणार."

एकवीस वर्षं मी त्या खिडकीकडे पाठ करून बसले होते, दिव्याच्या उजेडात डोळे ताणत. ती जागा माझी होती. निदान मी तरी तसंच धरून चालले होते. आणि धाकटीचा हात काही परत येणार नव्हता.

उन्हाळ्याच्या शेवटी टपालवाला आला. पन्नाशीचा, उंच, पायांत जाड तळाचे बूट. डाव्या हाताला जखम झाली होती, ती चिघळली, बोटं रंग बदलत गेली आणि शेवटी हात कापावा लागला. आजारपणाची सुट्टी संपल्यावर तो पुन्हा कामावर गेला होता, एका हाताने पत्रं वाटत उन्हाळाभर फिरत होता. त्याचं काम धाकटीकडे गेलं. तिने नेहमीप्रमाणे सगळं विचारलं. तो म्हणाला, सकाळी आठ ते दुपारी दोन रस्त्यावर, तीस वर्षं. मग तिने त्याच्या उन्हाळी हाताबरहुकूम खोळ केली. गडद, तांबूस, पेरांवर जवळजवळ काळपट. मीच ती पास केली. चूक काढायला जागाच नव्हती.

हात न्यायला तो आला त्या दिवशी धाकटी सामान आणायला मागच्या इमारतीत गेली होती. हात मीच बसवून दिला. तो आरशात बघत होता, दोन्ही हात पुढे धरून, नव्या कपड्यांत बघतात तसा. मग मला म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? कालच ऑर्डर आली. पुढच्या महिन्यापासून मला काउंटरवर बसवतायत. फिरणं बंद, ऊन बंद. मग माझा हा हात उजळेल का? काउंटरवर लोकांचं सगळं लक्ष हातांकडेच असतं हो. मला कुणी टक लावून बघायला नको आहे, एवढंच."

मला एवढंच म्हणायचं होतं, थांबा, धाकटी येते आहे. ती पाच मिनिटांत आली असती. खोळ तिने बदलून दिली असती, चार दिवसांचं काम.

मी म्हणाले, "छे हो! या वयात बसलेला रंग आता बदलत नाही. बिनधास्त जा."

तो समाधानाने हसला, उजव्या हाताने नमस्काराची खूण केली आणि गेला. त्याला थांबवायला मी पायऱ्यांपर्यंतसुद्धा गेले नाही. मनात म्हटलं, येईल हिवाळ्यात, कुरकुर करेल, धाकटीच्या नावावर एक हात परत पडेल, नवी खोळ मिळेल. कुणाचं काय जातंय? माझं मन मला असं समजावत होतं आणि मी शहाण्यासारखी समजून घेत होते.

मग मी वाट बघायला लागले. थंडी पडली, रंगखोलीत सगळ्यांच्या बाह्या लांब झाल्या. स्वतःचेच हात उजळताना बघून मला टपालवाल्याची आठवण यायची आणि बरं वाटायचं. हे लिहायलाही लाज वाटते, पण बरं वाटायचं.

ऐन थंडीत एका दुपारी तो आला. मी, धाकटी, मास्तर, तिघंही खोलीत होतो. त्याने कोट काढला आणि दोन्ही हात धाकटीच्या टेबलावर ठेवले. डावा भर उन्हाळ्यातला. उजवा चांगला तीन-चार छटा फिका. दोन वेगळ्या माणसांचे हात शेजारी ठेवावेत तसं दिसत होतं. माझ्या मनात पहिला शब्द आला तो म्हणजे, आला! परत आला!

धाकटीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "दादा, माझी चूक झाली. खोळ बदलून..."

"नाही नाही," तो घाईने म्हणाला. "हा हात छान आहे. तक्रार नाही. मी या दुसऱ्याबद्दल आलोय." त्याने उजवा हात जरासा पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला. "हा पांढरा पडत चाललाय. दोन महिने झाले. रोज जेवणाच्या सुट्टीत मागच्या पायरीवर याला उन्हात धरून बसतो. तेल चोळतो. काही उपयोग नाही. पहिल्याचं असंच झालं होतं. आधी रंग गेला, मग हात गेला."

मग तो म्हणाला, "डॉक्टरकडे जायचं धाडस होत नाही. ते काय सांगतील ते माहीत आहे मला. बायकोलाही बोललो नाही. म्हटलं, इथे रोज हातच बघतात, आधी यांना विचारावं."

"पण ऊन बंद झालं की हात उजळतोच," धाकटी म्हणाली. "रंग बदलला म्हणजे आजारच, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. उपकार मानल्यासारखं. "या मॅडमनी सांगितलं होतं ना, या वयात रंग बदलत नाही. म्हणून तर माझ्या लक्षात आलं. नाहीतर मी दुर्लक्षच केलं असतं."

माझ्या हातातला ब्रश रंगाच्या वाटीत पडला. मास्तरांनी चष्मा काढला. धाकटीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती उठली, त्याच्या खुर्चीजवळ गेली, त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. नख दाबलं, सोडलं, लाली परत आलेली त्याला दाखवली. बोटं एकेक करून वाकवायला लावली. मग शर्टाची बाही थेट खांद्यापर्यंत वर केली आणि हात उलटा धरला.

"हे बघा दादा. दंडाची आतली बाजू. इथे तीस वर्षांत ऊन गेलेलं नाही. हा तुमचा जन्मापासूनचा रंग. आता हाताचा बघा. तुमचा हात कुठे चाललाय? आजाराकडे नाही, या दंडाकडे चाललाय. तीस वर्षं उन्हात होता, आता सावलीत बसलाय, म्हणून जुनं झडून नवं येतंय. आणि पायरीवरचं हिवाळ्याचं ऊन, त्यात कितीसा दम असणार?"

"म्हणजे हात चांगला आहे?"

"ठणठणीत आहे. मनात किंतू नको म्हणून डॉक्टरांना एकदा दाखवा, पण हात धडधाकट आहे."

"कापावा नाही ना लागणार?"

"नाही."

त्याने हे आणखी दोनदा विचारलं आणि तिने दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलं. मग त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच बायकोला लावला. "अगं, हात चांगला आहे!" तो ओरडला. पलीकडून बाई काय म्हणाली असेल ते आम्हाला कळलं, कारण तो म्हणाला, "उजवा गं, उजवा! अगं, घरी आल्यावर सांगतो." मग फोन ठेवून तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, टेबलावर डोकं टेकून. मास्तर त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी भिंतीला टेकून उभी होते.

मी ब्रश धुवायला मोरीपाशी गेले तेव्हा धाकटी मागून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला, तोही कुजबुजीतला.

"खिडकी हवी होती तर खिडकी मागायची होती ताई. त्याचा धड हात कशाला मागितलात?"

मी म्हणाले, "मला काय माहीत तो असं काही समजेल." ते खरंच मला माहीत नव्हतं. तिने नळ बंद केला आणि निघून गेली.

तासाभराने साहेब आले. हात परत आल्याची वर्दी त्यांना पोचली होती. "चूक कुणाची?" त्यांनी विचारलं. मास्तर छताकडे बघत होते. धाकटी खाली मान घालून उभी होती. ती माझं नाव सांगणार नव्हती, हे मला तिच्या मानेवरूनच कळलं. ती स्वतःवर घेणार होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. डोळा तिचा, नवऱ्याचं कौतुक तिला, सासू तिच्या बाजूची, आणि आता मनाचा मोठेपणाही तिलाच मिळायचा? ती तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोलले.

"माझी," मी म्हणाले. "त्यांनी मला विचारलं होतं. मी मुद्दाम खोटं सांगितलं."

लोकांना वाटतं, मला पश्चात्ताप झाला म्हणून मी कबूल केलं. नवराही तसंच समजतो. समजू दे.

खिडकीची जागा धाकटीला मिळाली. त्याबद्दल मी काही बोलायला तोंडच ठेवलं नव्हतं. साहेबांनी मला काढलं नाही, तेवढं मात्र धाकटीने केलं. कसं केलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिचे आभार मानावे लागले असते.

तिने टपालवाल्यासाठी दुसरी खोळ केली, हिवाळ्याची. पहिली त्याला ठेवून घ्यायला सांगितलं. म्हणाली, सुट्टीत गावभर फिरलात, हात रापला, तर ती घाला. आठ दिवस ती त्या खोळीवर बसली होती. मधूनच त्याला बोलवायची, बाही वर करायची, बघायची, परत पाठवायची.

मग तो शेवटचा आला. मास्तर गेलेले, खोलीत आम्ही दोघीच. म्हणजे पास करायला मी. धाकटीने त्याला टेबलापाशी बसवलं, जोड दिसू नये म्हणून दोन्ही मनगटांवर कापड टाकलं आणि मला बोलावलं.

मी वाकले. खरं सांगते, मी चूक शोधायला वाकले होते. एखादी शीर जास्त निळी, एखादं पेर जास्त गुळगुळीत. त्या घडीला मला ते हवं होतं, इतकं सगळं होऊन गेल्यावरही. डावा बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा. खिडकीचा उजेड सरळ त्यांच्यावर पडत होता. अंगठा कुठल्या बाजूला आहे त्यावरून डावा-उजवा कळत होतं, पण डोळ्यांनी नुसतं बघून यातला एक बनवलेला आहे हे मला पटेना. शेवटी मी उजव्यावर बोट ठेवलं. तो गरम होता. टपालवाल्याने माझं बोट हळूच दाबलं आणि हसला.

"पास?" धाकटीने विचारलं.

"पास," मी म्हणाले. आणि आधी मला हेवाच वाटला. लाज वाटली, पण ती नंतर.